जिमला वेळ नाही आणि दर महिन्याला पैसेही नाहीत: पावस-रत्नागिरी ये-जा करून व्यायाम बसवायचा कसा?

खालची_आळी
नमस्कार मंडळी. वय ४१, उंची पाच फूट सहा इंच, वजन ८२ किलो. उपाशीपोटी साखर ११२ आली आहे. डॉक्टरांनी गोळी दिलेली नाही, "हालचाल वाढवा, तीन महिन्यांनी परत तपासू" म्हणाले. बीपी ठीक आहे.

सकाळी ७.४० ची एसटी, दिवसभर बसून हिशेबाचं काम, घरी परत साडेसातला. घर ते थांबा बारा मिनिटं चालत, वाटेत पाखाडी आहे, साठ-पासष्ट पायऱ्यांची. जिम रत्नागिरीत, तिथे थांबलं तर संध्याकाळची गाडी चुकते. घर कौलारू, पडवी आहे, पुढे खळं आहे. एकदाच हजारभर रुपये घालू शकतो, महिन्याची फी नको.

विचारायचं ते असं: दिवसाला वीस मिनिटांत खरंच काही होतं का? सामान काय घ्यावं? आणि खळ्यात जे काही करू ते जूनमध्ये बंद पडणार, त्याचं काय?

सडेकर
होतं. पण आधी ती वीस मिनिटं कशावर घालवायची ते ठरवा. बहुतेक जण ती चालण्यावर घालवतात आणि तिथेच गणित चुकतं, कारण चालणं तुमच्या दिवसात आधीच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची, शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम अशी आहे. एका वेळी सलग दहा मिनिटं तरी झालीच पाहिजेत, ही जुनी अट त्यात काढून टाकली आहे. तुमची थांब्याची वाट बारा मिनिटं, दोन वेळा, पाच-सहा दिवस: १२० ते १४४ मिनिटं झाली. फक्त ती रमतगमत चाललेली चालत नाहीत. मिनिटाला साधारण १०० पावलं हा मध्यम वेगाचा ढोबळ उंबरठा. घड्याळ लावून पंधरा सेकंदांत २५ पावलं पडतात का बघा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला की वेग बरोबर.

उरलेला हिशोब रात्री जेवणानंतर. शतपावली म्हणतो आपण, पण शंभर पावलं मिनिटभरात संपतात. दहा-पंधरा मिनिटं फिरा, पडवीत येरझाऱ्या घातल्या तरी चालतील. साखर काठावर असलेल्या माणसाला जेवणानंतरचं चालणं विशेष उपयोगी, कारण चालते स्नायू रक्तातली साखर थेट उचलतात, आणि ती वाढते नेमकी तेव्हाच.

म्हणजे वेगळा काढलेला वेळ सगळा ताकदीला द्या. आठवड्यातून तीन दिवस, सतरा-अठरा मिनिटं. सोम-बुध-शुक्र, दात घासून झाल्यावर आणि आंघोळीच्या आधी. संध्याकाळी साडेसातनंतर ठेवलात तर पाहुणा, लाइट आणि मुलांचा अभ्यास यांतलं एक काहीतरी रोज आडवं येईल.

चार हालचाली. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, मग अर्धा मिनिट थांबा, पुढची. चारही झाल्या की एक फेरी, अशा तीन फेऱ्या.

बैठक: मागे साधारण दीड फुटाचं स्टूल ठेवा. मनात तीन मोजत खाली, ढुंगण स्टुलाला टेकलं न टेकलं की वर. आखाड्यातल्या झपाझप शेकडा बैठका इथे नकोत, त्यात दम वाढतो पण ताकद एका टप्प्यावर अडते, आणि घोटे ताठर असलेल्या ८२ किलोच्या माणसाचे गुडघे आधी बोलायला लागतात. गुडघे आत वळत असतील तर पाय थोडे रुंद घ्या आणि गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा.

जोर: जमिनीवर सुरू करू नका. पडवीच्या कट्ट्यावर हात ठेवा, छाती कडेला लागेपर्यंत खाली या, कोपरं बाहेर न फाकवता अंगाशी तिरकी. तीनही फेऱ्यांत १२ झाले की कट्ट्यावरून बाकड्यावर, बाकड्यावरून पायरीवर, मग जमिनीवर. कंबर खाली लोंबायला लागली की तो आकडा मोजायचा नाही.

ओढणं: घरच्या व्यायामात हाच भाग राहून जातो. सगळे ढकलतात, ओढत कोणी नाही, आणि दिवसभर टेबलावर वाकलेल्याला पाठीची गरज सगळ्यांत जास्त. एक हात बाकड्यावर टेकवा, पाठ सपाट, दुसऱ्या हाताने भरलेली सॅक कमरेकडे ओढा. खांदा कानाकडे चढला तर वजन जास्त झालंय.

कमरेतून उचल: भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभे राहा. सॅक मांड्यांना चिकटवून धरा, गुडघे किंचित सैल, आणि ढुंगण मागे नेत भिंतीला टेकवा. पाठ वाकता कामा नये. ती वाकते की नाही हे कळायला पहिले दोन दिवस सॅकऐवजी काठी पाठीवर उभी धरा. डोकं, दोन खवाट्यांच्या (पाठीवरच्या खांद्याच्या हाडांच्या) मधला भाग आणि माकडहाड, तीनही जागी काठी शेवटपर्यंत लागलेली राहिली पाहिजे. कंबरदुखीच्या बऱ्याच तक्रारी इथे काठी सुटल्याच्या असतात.

नियम एकच: प्रत्येक वेळी अजून दोन निघाले असते असं वाटतानाच थांबायचं. तीनही फेऱ्यांत १२ आले की सॅकमध्ये दीड-दोन किलो वाढवायचे. वजन वाढलं नाही तर दीड-दोन महिन्यांत शरीर सरावतं आणि पुढे सरकत नाही. "घरकामात होतोच की व्यायाम" याचं उत्तरही यातच आहे. कळशी वर्षानुवर्षं तेवढीच भरते.

पहाटचा_गडी
एवढं सगळं कशाला? रोज २४ सूर्यनमस्कार घाला, दहा मिनिटांत काम होतं. एक सतरंजी पुरे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत पोरांकडून हेच करून घेतलं. आणि वजनच हवं असेल तर घरामागे जांभ्याचे चिरे पडलेले असतात, फुकटचे डंबेल.

सडेकर
नमस्कारांना विरोध नाही. मंगळ-गुरु-शनि बारा-बारा घाला, अंग मोकळं राहील. पण त्यात ओढणं शून्य आहे आणि भार तुमच्या अंगाचाच, तो वाढवता येत नाही. मनगटं दुखत असतील तर तळहात सपाट दाबून बोटं पसरा, सगळा भार मनगटाच्या टाचेवर येऊ देऊ नका.

चिऱ्याचं मात्र नको. अख्खा चिरा सहज २५ किलोच्या वर जातो, पाणी प्यायलेला असेल तर त्याहून जड. सुरुवातीला तो जास्त, नंतर तेवढाच, मधलं काही नाही. धरायला मूठ नाही, कडा झिजून खडी सुटते, आणि पायावर पडला तर बोट वाचत नाही.

खालची_आळी
धन्यवाद. मंगळ-गुरु-शनि नमस्कार जमतील. सॅक कशाने भरू? किनाऱ्यावरची वाळू चालेल का? आणि ओढण्यासाठी दाराच्या चौकटीत घट्ट बसवायचा बार मिळतो, तो कसा?

ओला_पाइप
किनाऱ्यावरची वाळू आणू नका. एक तर ती उचलण्यावर बंदी आहे. दुसरं, तिच्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढतं, पावसाळ्यात पिशवी आतून घामेजते, चेन गंजते आणि सॅकला कुबट वास धरतो. बांधकामावर उरलेली नदीची वाळू किंवा क्रश सँड घ्या आणि मे महिन्याच्या उन्हात ताडपत्रीवर दोन दिवस खडखडीत वाळवा.

सॅकमध्ये सुटी ओतायची नाही. एक लिटरची दुधाची पिशवी धुऊन वाळवा, त्यात कोरडी वाळू दीड किलोच्या आसपास बसते. तोंड दुमडून रुंद चिकटपट्टी, वरून दुसरी पिशवी उलट्या बाजूने, पुन्हा पट्टी. अशा आठ-दहा करून ठेवा. वाण्याच्या काट्यावर एकेक तोलून वर मार्करने वजन लिहा. चार पुड्यांनी, म्हणजे सहा किलोंनी सुरुवात करा आणि एकेक वाढवत जा. आधी तळाशी जुनी चादर घालून मग पुड्या ठेवा. त्या तळात साचल्या तर सॅक गुडघ्यावर आपटते.

फाटते ती नेहमी पट्टा जिथे शिवलेला असतो तिथे. शाळेची जुनी सॅक असेल तर बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून त्या जागी आडवा-उभा दुहेरी टाका मारून घ्या. वर हातात धरायची जी छोटी मूठ असते तिच्यावर भरवसा ठेवू नका, दोन्ही पट्टे एकत्र मुठीत धरा.

चौकटीतला बार: तो नुसत्या दाबावर उभा असतो. जुन्या घरात चौकटीला वाळवी लागलेली असली तरी वरून रंग छान दिसतो. चौकटीऐवजी चिऱ्याच्या भिंतींमध्ये अडकवलात तर आतला गिलावा भुगा होऊन सुटतो आणि माणूस पाठीवर पडतो. त्यापेक्षा एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, बाहेरून साधारण ३३ मिमी भरतो, मुठीला नेमका. पडवीच्या दोन चिरेबंदी खांबांच्या मधोमध बसवा. खांबांना आरपार भोक पाडू नका, प्रत्येक खांबाला पट्टीचा क्लॅम्प गुंडाळून नटबोल्टने आवळा. लाकडी खांब असेल तर आधी पेचकसाने तळाशी टोचून बघा, घुसला तर तो खांब विसरा. छातीच्या उंचीवर बसवलात तर सुरुवातीला तिरकं लटकून अंग पाइपकडे ओढता येतं, पाय जमिनीवरच. हे सॅक ओढण्याच्या पुढचं पाऊल.

आपली खारी हवा जीआयलाही सोडत नाही. गंज धरतो तो कापलेल्या टोकांना आणि आटे पाडले असतील तिथे. दोन्ही टोकांना झिंकचा रंग लावा आणि टोप्या बसवा. क्लॅम्पचे नटबोल्ट स्टेनलेसचे घ्या, साध्या लोखंडाचे एका पावसाळ्यात असे धरतात की नंतर कापूनच काढावे लागतात. रबरी पट्ट्या घेणार असाल तर उन्हात आणि खिळ्याला टांगून ठेवू नका. ताणून बघितल्यावर बारीक भेगा दिसल्या की टाकून द्या, तोंडासमोर तुटते तेव्हा ती चाबकासारखी येते.

ओहोटी
सुटीच्या दिवशी भाट्याच्या किनाऱ्यावर उतरणार असाल तर वेळ बघून जा. पुळणीवर चालण्याचा फायदा पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट पट्ट्यावर. वरच्या भुसभुशीत वाळूत कठीण जमिनीच्या दुपटीहून अधिक ताकद जाते. ऐकायला छान, पण टाच बोटांपेक्षा खाली रुतते आणि पोटरी व टाचेमागची शीर ओढली जाते. पहिल्या आठवड्यात भुसभुशीत वाळू पाचच मिनिटं, बाकी घट्टवर.

वेळ काढायची जुनी रीत: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, नऊच्या सुमारास ओहोटी, दिवसा आणि रात्रीही. हा अंदाज, बंदरागणिक पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. सकाळी साडेसहाला मोकळी, रुंद पुळण मिळते ती पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे दोनेक दिवस. अष्टमीला त्याच वेळी भरती असते, पण भांगाची, फार वर चढत नाही, तरी घट्ट पट्टा अरुंद मिळतो.

पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एकाच दिशेने चाललात तर एक पाय कायम खालच्या बाजूला पडतो आणि कमरेची एक बाजू धरते. जेवढं जाल तेवढंच परत त्याच पट्ट्यावरून या. अनवाणी चालायचं तर जाळ्यांच्या तुकड्यांत अडकलेले गळ बघून. आणि जून ते ऑगस्ट पाण्याच्या कडेने नाहीच. उधाणाची एक लाट मागच्या दहा लाटांपेक्षा वर येते.

आगळ
पाखाडीबद्दल कोणीच बोललं नाही, खरं तर तुमच्याकडची सगळ्यांत चांगली वस्तू तीच. साठ पायऱ्या रोज चढताच आहात. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी घरी जाताना दोन फेऱ्या जास्त करा. चढताना पूर्ण पाऊल पायरीवर टेकवा आणि टाचेने ढकला. दम एवढा लागायला हवा की तीन-चार शब्दांवर बोलणं तुटेल. उतरताना मात्र सावकाश. मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकतात त्या उतरण्यामुळे, स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो म्हणून. हे दुखणं दोन्ही मांड्यांत सारखं आणि तीन दिवसांत जाणारं असतं. एकाच गुडघ्यात, टोचल्यासारखं, सांध्याच्या आत दुखलं तर ते वेगळं, तिथे थांबा.

पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा जास्तीच्या फेऱ्या बंद. त्या दिवसांत पडवीत एकाच घट्ट पायरीवर चढ-उतर, मिनिटाला वीस ते चोवीस वेळा, पाच मिनिटं. अंधारात पाखाडीवर टॉर्चशिवाय पाय टाकू नका. फुरसं चिऱ्यांच्या सांदीत बसतं आणि ते आकाराने एवढंसं असतं की दिसत नाही.

ओलाव्याचं: आपल्याकडे घाम येतो पण सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही आणि त्याच कामाला नाडी जास्त धावते. मे आणि ऑक्टोबरमध्ये आकडे कमी झाले तर ताकद गेली असं समजू नका, थांबायचा वेळ अर्ध्या मिनिटावरून एक मिनिट करा. वीस मिनिटांच्या व्यायामाला साधं पाणी पुरतं. साखर घातलेलं कोकम सरबत "घाम गेला" म्हणून प्यायलात तर ११२ वाल्या माणसाने कमावलेलं घालवलं. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, पाण्यात घालून बिनसाखरेचं प्या, मिठाचा अंदाज ठेवून.

जुलैत कपडे वाळत नाहीत. ओल्या बनियनवर परत व्यायाम केला की काखेत-जांघेत नायटा, आणि ओल्या बुटांत बोटांच्या बेचक्यात चिखल्या. व्यायामाचे दोन जोड पॉलिएस्टरचे ठेवा, सुती नकोत. बूट भिजले तर आतला तळ काढून कागदाचे बोळे भरा, दोन तासांनी बदला. पडवीतले व्यायाम अनवाणीच करा, फक्त लादी पुसून घ्या.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घेरी यांतलं काहीही आलं तर व्यायाम पुरे करत बसू नका, तडक दवाखाना. पुढे कधी साखरेची गोळी सुरू झालीच तर आपल्या वेळा डॉक्टरांना सांगून ठेवा. काही गोळ्यांवर व्यायामानंतर साखर खाली घसरते, आणि उपाशीपोटी सकाळचा वेळ मग चालत नाही.

खालची_आळी
सगळ्यांचे आभार. पाइप आणि क्लॅम्प या रविवारी बघतो. एकच शेवटचं: जुलैत लावणीला आठ-दहा दिवस सुट्या टाकून शेतात असतो, सकाळपासून ओणवं. त्या दिवसांतही हे तीन दिवस धरायचे का?

सडेकर
बैठक आणि कमरेतून उचल दोन्ही सोडा. दिवसभर वाकलेल्या कमरेवर परत वाकण्याचाच भार टाकायचा नाही. फक्त ओढणं आणि जोर, दोन फेऱ्या, सात-आठ मिनिटं. त्यातही ओढणं आधी, कारण लावणीत खांदे पुढे येतात. रात्री झोपताना पाच मिनिटं पालथं पडून कोपरांवर छाती उचलून ठेवा.

लावणी संपल्यावर पहिल्या दिवशी सॅकमधल्या दोन पुड्या काढून सुरुवात करा, पुढच्या आठवड्यात परत भरा.

ओला_पाइप
आणि त्या आठ-दहा दिवसांत सॅक शेताच्या मांगरात नेऊन ठेवू नका. पुड्या ओल धरतात, आणि उंदीर दुधाची पिशवी वासाने शोधून काढतो, कितीही धुतलेली असो.